जुना रिसीव्हर भंगारात देण्यापूर्वी

आखाती देशांत नोकरीला गेलेली आपली माणसे १९८०च्या आसपास सुट्टीवर घरी येत, तेव्हा सामानात कापड, घड्याळ आणि अत्तराच्या जोडीने एक जड खोका असायचा. कोकणातल्या खेड-महाडपासून भिवंडीपर्यंत किती तरी घरांनी हा खोका पाहिला आहे. त्यात जपानी स्टिरिओ रिसीव्हर असे. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत. समोर जाड अॅल्युमिनियमची पट्टी, मोठी गोल बटणे आणि दिवा लागला की उजळणारी रेडिओची काच. या पेट्या आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या झाल्या. त्यातल्या कित्येक अजून चालू आहेत आणि चालू असतानाच भंगारात जात आहेत. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते, “याला नवीन काही जोडता येत नाही.”

हे उत्तर चुकीचे आहे. मी कापडाचा माणूस, रेडिओचा नाही. पण या चुकीच्या उत्तरापायी आमच्या घरात पैसे गेले, दिवस गेले आणि थोरल्या बंधूंच्या मेहनतीची एक वस्तू जाता जाता राहिली. वाचकांपैकी कोणाचे असे नुकसान होऊ नये, आणि या कामात हात असलेल्या कारागीर बंधूंना यातली रोजीही दिसावी, म्हणून हा लेख.

घडले ते असे

भाईसाहेबांनी १९८३ साली जेद्दाहून पायोनिअरचा रिसीव्हर आणला. दर चॅनेलला १५ वॉट, म्हणजे ताकद बेताची, पण आवाज गोड. सोबत दोन मोठे स्पीकर होते. स्पीकरच्या कॉनभोवती फोमची कडा असते. आपल्या दमट हवेत ती पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन गळते, तशी ती गळली. पुतण्याने त्या जागी फळीवर ठेवायचे दोन छोटे स्पीकर आणून लावले. आवाज स्वच्छ आला, पण भाईसाहेब खूश नव्हते. म्हणाले, “गाणारा समोर बसलाय, पण तबलजीचा डग्गा कुठे गेला?”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. डग्ग्याचा आणि ढोलकच्या जाड बाजूचा खोल आवाज पाच इंची कॉनला पुरता काढता येत नाही. तेवढी हवा हलवायची त्याची ऐपत नसते. म्हणून पुतण्याने पॉवर्ड सबवूफर विकत आणला. दहा इंची कॉन आणि आत स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेली ती पेटी होती.

पेटी घरी आली आणि अडचण सुरू झाली. सबवूफरची तार लावायला रिसीव्हरच्या मागे ‘सब-आउट’ नावाचे भोकच नव्हते. विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “जुना माल आहे, याला काही होणार नाही. नवा एव्ही रिसीव्हर घ्या.” किंमत सांगितली बेचाळीस हजार. जुना काढायचा म्हणून पुतण्याने भंगारवाल्याला विचारले, त्याने सहाशे रुपये सांगितले. भाईसाहेब काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी रेडिओ लावला नाही.

मी म्हटले, थांबा, एखादा मेकॅनिक पाहू. एक मेकॅनिक आला. त्याने सबवूफरची तार ‘टेप आउट’ला लावली. आवाज आला, पण रिसीव्हरचे बटण कमी केले तरी सबवूफर तसाच गर्जत राहिला. दुसऱ्या खेपेस त्याने तारेची पिन कापली आणि उघडी टोके स्पीकरच्या टर्मिनलला लावून दुसरे टोक सबवूफरच्या छोट्या गोल भोकात घातले. बटण थोडे वाढवताच फाटका आवाज आला आणि सबवूफर बंद पडला. आतला इनपुटचा भाग जळला होता. दुरुस्तीला दोन हजार दोनशे रुपये आणि बारा दिवस लागले.

शेवटी ज्याने काम केले तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुष्कळ वर्षे बसलेला एक वयस्क कारागीर. त्याने सबवूफर उलटा करून मागची पाटी वाचली, चार तारांची चार मीटर वायर मागवली आणि वीस मिनिटांत जोडणी केली. जी जागा त्याने वापरली ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, कोणी पाहिली नव्हती. मजुरी घेतली तीनशे रुपये. मी त्याला प्रश्न विचारत गेलो आणि तो सांगत गेला. पुढे जे लिहिले आहे ते त्याच्याकडून शिकलेले आणि नंतर स्वतः करून पाहिलेले आहे.

सब-आउट का नाही?

जुन्या रिसीव्हरला सब-आउट नाही, यात त्याचा दोष नाही. स्टिरिओ म्हणजे दोनच वाटा, डावी आणि उजवी. खोल आवाजासाठी वेगळी वाट काढण्याची पद्धत सिनेमामुळे रुळली. डॉल्बी डिजिटल १९९२ साली चित्रपटगृहांत आले. त्यात पाच पूर्ण वाटा आणि फक्त खोल आवाजाची एक, अशी रचना होती, म्हणून तिला ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. तीच गोष्ट पुढे घरात आली आणि नव्या रिसीव्हरना सब-आउट मिळाले. त्याआधीच्या रिसीव्हरमध्ये ते शोधणे म्हणजे जुन्या विजारीत मोबाइलचा खिसा शोधणे आहे.

पण खोल आवाज तर त्या रिसीव्हरमध्ये आहेच. डाव्या-उजव्या दोन्ही वाटांत तो मिसळलेला आहे. छोट्या स्पीकरकडेही तो जातो, फक्त स्पीकरला तो काढता येत नाही. पॉवर्ड सबवूफरमध्ये स्वतःची चाळणी असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. पूर्ण आवाज तिला द्यावा, ती त्यातला खालचा भाग ठेवून वरचा सोडून देते. मग प्रश्न एवढाच राहतो, की रिसीव्हरमधून पूर्ण आवाज कोणत्या दरवाजाने बाहेर काढायचा.

पहिला दरवाजा : स्पीकरचे टर्मिनल

हा दरवाजा प्रत्येक रिसीव्हरला असतो. बहुतेक प्रसंगी हाच योग्य असतो.

सबवूफरच्या मागे ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ असे लिहिलेली जागा आहे का ते पाहावे. स्पीकरच्या तारा लावायची चार टर्मिनले तिथे असतात, दोन लाल आणि दोन काळी. असतील तर रिसीव्हरच्या डाव्या स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलपासून सबवूफरच्या डाव्या लाल-काळ्या टर्मिनलपर्यंत तार न्यावी आणि उजवीकडे तसेच करावे. छोटे स्पीकर आहेत तिथेच राहतील. एकाच टर्मिनलला दोन तारा जातील, एक स्पीकरची आणि एक सबवूफरची.

इथे ज्याला थोडे ज्ञान आहे तो घाबरतो. त्याला वाटते, पंधरा वॉटच्या पेटीवर आणखी एक मोठा स्पीकर लादला, आता ती जळणार. तसे होत नाही. स्पीकरचा विरोध चार किंवा आठ ओहम असतो, म्हणून तो अॅम्प्लिफायरकडून बराच प्रवाह ओढतो. पॉवर्ड सबवूफरच्या हाय लेव्हल इनपुटचा विरोध शेकडो किंवा हजारो ओहम असतो. तो प्रवाह जवळपास ओढतच नाही, फक्त आवाजाची खबर घेतो. काम त्याचा स्वतःचा अॅम्प्लिफायर करतो. खात्री हवी असेल तर तार लावण्यापूर्वी सबवूफरच्या त्या दोन टर्मिनलांवर मीटर लावून पाहावे. मीटरने चार-सहा ओहम दाखवले तर ती पॉवर्ड पेटी नाही, आतमध्ये नुसता स्पीकर आहे. तिला अशा रीतीने जोडू नये.

या जोडणीचा दुसरा फायदा असा की रिसीव्हरचे बटण फिरवले की स्पीकर आणि सबवूफर दोघे एकदम कमी-जास्त होतात. खालच्या सुराचे बेस बटणही दोघांना लागू पडते. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये १९९० साली सुरू झालेली रेल नावाची कंपनी तर स्टिरिओसाठी हीच जोडणी पसंत करते आणि आपल्या सबवूफरसोबत त्यासाठी खास तार देते. तेव्हा ही गरिबाची तडजोड आहे असे कोणी समजू नये.

ए आणि बी

पुष्कळ रिसीव्हरना स्पीकरच्या दोन जोड्या लावायची सोय असते, ‘ए’ आणि ‘बी’. छोटे स्पीकर ए-ला आणि सबवूफर बी-ला लावून दोन्ही बटणे दाबली की काम होते. तारांची गर्दी टळते आणि सबवूफर नको तेव्हा बी बंद करता येतो.

पण एक परीक्षा आधी घ्यावी. काही रिसीव्हरमध्ये ए आणि बी दोन्ही दाबल्यावर त्या दोन जोड्या एकापुढे एक, म्हणजे साखळीसारख्या जोडल्या जातात. अशा साखळीत सबवूफर घातला तर त्याच्या मोठ्या विरोधामुळे स्पीकरचा आवाज जवळजवळ बंद होतो. परीक्षा सोपी आहे. बी-ला काहीही न लावता, आवाज कमी ठेवून, दोन्ही बटणे दाबावीत. ए-चे स्पीकर वाजत राहिले तर ठीक. ते गप्प झाले तर तुमची पेटी साखळीची आहे. तेव्हा बी सोडून द्यावा आणि सबवूफरची तार ए-वरच स्पीकरच्या तारेसोबत लावावी.

दुसरा दरवाजा : प्री-आउट

काही जुन्या पेट्यांच्या मागे ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ अशी भोकांची जोडी असते आणि त्यांत वाकवलेल्या तारेचे छोटे पूल घातलेले असतात. १९७८ साली आलेला नॅड ३०२० हा अॅम्प्लिफायर या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्यावर मेन-इनऐवजी दुसरे नाव लिहिलेले असले तरी रचना तीच आहे. इथे पेटीचे दोन भाग पडतात. आवाज कमी-जास्त करणारा पहिला भाग आणि ताकद देणारा दुसरा. पूल त्यांना जोडतो. म्हणून पूल नुसता उपटला तर आवाज बंद होतो, आणि पेटी बिघडली असे समजून लोक ती दुरुस्तीला नेतात.

पूल काढून त्या जागी एकाचे दोन करणारी कॉर्ड लावावी. एक फांदी मेन-इनमध्ये परत जाईल, दुसरी सबवूफरच्या छोट्या गोल ‘लाइन-इन’ भोकात. डावी आणि उजवी दोन्हीकडे असेच करावे. हा आवाज बटणाच्या पुढचा असल्यामुळे तोही बटणाबरोबर कमी-जास्त होतो.

एक लक्षात ठेवावे. एका वाटेच्या दोन करणे चालते, पण अशाच कॉर्डने डावे आणि उजवे आउटपुट एकत्र बांधून एका भोकात घालू नये. दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात, आवाज बिघडतो आणि स्टिरिओही राहत नाही. सबवूफरला दोन भोके असतील तर दोन्ही वापरावीत. एकच असेल तर मधे रोध घालून दोन्ही वाटा एकत्र करायच्या असतात. ते काम कारागिराकडून करून घ्यावे.

सबवूफरला हाय लेव्हल नाही आणि रिसीव्हरला प्री-आउट नाही, असेही घडते. तेव्हा ‘हाय टू लो कन्व्हर्टर’ नावाची छोटी डबी मिळते. मोटारीतला स्टिरिओ बसवणारे ती नेहमी वापरतात. ती स्पीकरचा मोठा आवाज लाइनच्या मापात आणून देते. पण सबवूफर अजून घ्यायचा असेल तर मुळातच हाय लेव्हलची टर्मिनले असलेला घ्यावा. आजकाल पुष्कळ सबवूफरना ती नसतात. दुकानात पेटी पुढून पाहण्याआधी मागून पाहावी.

या दरवाजाने जाऊ नये

आमच्याकडे ज्या दोन चुका झाल्या त्या का झाल्या, हे आता कळेल.

‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ हा दरवाजा बटणाच्या अलीकडचा आहे. कॅसेट भरताना घरच्यांनी आवाज कमी केला तर कॅसेटमध्येही तो कमी होऊ नये, म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. तिथून सबवूफर जोडला की स्पीकर बटण ऐकतात आणि सबवूफर कोणाचेच ऐकत नाही.

दुसरी चूक महागात पडली. स्पीकर टर्मिनलवर पंधरा वॉट आठ ओहमला देताना सुमारे अकरा व्होल्ट असतात. पन्नास वॉटची पेटी असेल तर वीस व्होल्ट. लाइन-इन हे एक-दोन व्होल्टसाठी बनवलेले असते. पाच मीटरच्या मापात अख्खा तागा कोंबावा तसा हा प्रकार. कापड फाटते तसा आधी आवाज फाटतो, मग सर्किट जाते. दोन टर्मिनल दिसायला कशीही असोत, कशाला किती व्होल्ट सोसतात ते पाहिल्याशिवाय तार कापू नये.

तार जोडण्यापूर्वी

पहिली गोष्ट, दोन्ही पेट्यांचे प्लग भिंतीतून काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही.

दुसरी, तारेचे टोक सोलल्यावर तिचे बारीक तंतू पीळ देऊन घट्ट करावेत आणि शक्य तर त्यांना सोल्डर लावून कल्हई करावी. एक मोकळा तंतू लालवरून काळ्याला शिवला तर अॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. जुन्या पेटीसाठी जुन्या नंबरचा अस्सल ट्रान्झिस्टर शोधणे सोपे नाही, आणि बाजारात नकली पुष्कळ आहेत. सबवूफरच्या या तारेतून प्रवाह थोडा जातो, त्यामुळे ती जाड किंवा महाग घ्यायची गरज नाही. टोके मात्र नीट हवीत.

तिसरी, काळे टर्मिनल खरोखर ग्राउंड आहे का ते पाहावे. प्लग काढून, स्पीकरच्या तारा सोडवून, डाव्या काळ्या आणि उजव्या काळ्या टर्मिनलमध्ये मीटर लावावा. जवळपास शून्य ओहम दाखवले तर दोन्ही काळी आतून एकच आहेत आणि वरची जोडणी निर्धास्त करावी. बहुतेक जुन्या घरगुती रिसीव्हरमध्ये असेच असते. मोटारीतल्या आणि काही नव्या छोट्या अॅम्प्लिफायरमध्ये मात्र काळ्या टर्मिनलवरही आवाजाचा दाब असतो. त्याला सबवूफरने ग्राउंडशी बांधले तर शॉर्ट होतो. तिथे सबवूफरची पुस्तिका वाचल्याशिवाय हात लावू नये.

चौथी गोष्ट खास आखातातून आलेल्या पेट्यांसाठी. सौदी अरेबियाच्या पुष्कळ शहरांत त्या काळी घरात १२७ व्होल्टची वीज होती. म्हणून तिकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक रिसीव्हरच्या मागे ११०, १२०, २२०, २४० असे आकडे लिहिलेला व्होल्टेजचा फिरता स्विच असतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली पेटी खाली काढली की आधी हा स्विच पाहावा. तो १२० वर असेल आणि प्लग लावला तर फ्यूज उडून सुटका झाली तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. स्विचच नसेल आणि पाटीवर फक्त ११० किंवा १२० असेल तर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

आवाज बसवणे

जोडणी झाली म्हणजे अर्धे काम झाले. कपडा शिवून झाल्यावर अंगावर बसतो की नाही ते पाहावे लागते, तसे पुढचे अर्धे आहे.

रिसीव्हरचे ‘लाउडनेस’ बटण बंद करावे आणि बेस, ट्रेबल दोन्ही मधोमध आणावेत. हे बटण कमी आवाजातही खालचा सूर वाढवते. सबवूफर आल्यावर त्याची गरज राहत नाही.

सबवूफरवर तीन गोष्टी असतात. पहिली क्रॉसओव्हर. छोट्या स्पीकरसोबत ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी, मोठे स्पीकर असतील तर ५० ते ६०. फार वर नेले तर माणसाचा आवाज सबवूफरमधून येऊ लागतो आणि गाणारा कोपऱ्यात जाऊन बसल्यासारखा वाटतो. ‘एलएफई’ किंवा ‘बायपास’ असा स्विच असेल तर तो इथे वापरू नये, कारण तो चाळणीच बंद करतो.

दुसरी गोष्ट लेव्हल. शून्यापासून हळूहळू वाढवावी. सबवूफर वाजतोय हे कळू लागले की थोडी मागे घ्यावी. तो बंद केल्यावर काहीतरी कमी झाले असे वाटावे आणि चालू असताना तो कुठे आहे ते समजू नये, हे खरे माप.

तिसरी फेज, शून्य किंवा १८०. दोघांपैकी ज्या बाजूला आपल्या बसायच्या जागेवर खालचा आवाज भरीव येतो ती बाजू ठेवावी. यासाठी एक माणूस स्विचजवळ आणि एक माणूस खुर्चीत असा हिशेब हवा. आमच्याकडे खुर्चीत भाईसाहेब होते.

जागेचेही महत्त्व आहे. भिंतींच्या कोपऱ्यात सबवूफर जास्त घुमतो, म्हणून सुरुवात कोपऱ्यापासून थोडी दूर करावी. नक्की जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागेवर ठेवून एखादे ढोलक असलेले गाणे लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेने खाली वाकून फिरावे. जिथे खालचा सूर सगळ्यांत मोकळा आणि सारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. घरातली मुले हसतील, हसू द्यावे.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. या जोडणीत छोट्या स्पीकरकडे पूर्ण आवाज जातोच, त्यांचे ओझे कमी होत नाही. पंधरा वॉटची पेटी पंधरा वॉटचीच राहते. लग्नाच्या मांडवासाठी ही सोय नाही, घरात बसून ऐकण्यासाठी आहे.

घुमघुम आली तर

जोडणीनंतर गाणे नसतानाही सबवूफरमधून बारीक घुमघुम येते, अशी तक्रार पुष्कळांची असते. सबवूफरची आवाजाची तार काढून पाहावी. तरीही घुमघुम राहिली तर दोष सबवूफरमध्ये आहे. गेली तर दोन पेट्यांच्या ग्राउंडमध्ये घोळ आहे. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावावेत. एवढ्याने पुष्कळदा काम होते. नाही झाले तर रिसीव्हरच्या मागे रेकॉर्ड प्लेयरसाठी ‘जीएनडी’ लिहिलेला स्क्रू असतो, तिथून सबवूफरच्या ग्राउंडला एक तार लावून फरक पडतो का ते पाहावे.

एक काम कधीही करू नये, सबवूफरच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कापणे. घुमघुम जाते, पण आत कधी गळती झाली तर करंट माणसाला लागतो. कोणी मेकॅनिक हा उपाय सांगू लागला तर त्याला चहा पाजून रवाना करावे.

दुकानदार आणि कारागीर बंधूंसाठी

आता हिशेब पाहू. आमच्या कामाला वायर आणि मजुरी मिळून सव्वाचारशे रुपये लागले. चुकीच्या सल्ल्याचे दोन हजार दोनशे वेगळे गेले. आणि ज्या दुकानदाराने बेचाळीस हजारांचा रस्ता दाखवला, त्याला काय मिळाले? त्या दिवशी तो म्हणाला असता, “पेटीच्या मागे पाहा, स्पीकरची टर्मिनले आहेत, तिथून जोडा,” तर फोनवर दोन मिनिटे गेली असती. मग घरातली पुढची प्रत्येक खरेदी त्याच्याकडे झाली असती. आज आमच्या घरातून त्याच्याकडे कोणी जात नाही, आणि विचारणाऱ्याला आम्ही पाठवतही नाही. त्याने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्याला बहुधा ठाऊकच नव्हते. पण कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक विचारते, “रंग जाईल का?” तेव्हा “ठाऊक नाही, विचारून सांगतो” म्हणणारा दुकानदार टिकतो, आणि न पाहता “जाणार” म्हणून महागडे थान पुढे टाकणारा एकदाच विकतो.

कारागीर बंधूंना सांगायचे ते असे. या कामाला लागणारी हत्यारे म्हणजे एक मीटर, एक सोल्डरगन आणि मागची पाटी वाचण्याची सवय. जुन्या पेट्यांना फक्त सबवूफरच लागतो असे नाही. बटणातली खरखर साफ करणे, सुकलेले कपॅसिटर बदलणे, स्पीकरच्या कॉनला नवीन फोम लावणे, हीही कामे निघतात. जुन्या रिसीव्हरचे शौकीन तर आहेतच, आणि ते काम समजणारा माणूस शोधत फिरतात. आमच्या कारागिराने जाताना पुतण्याला एक वाक्य सांगितले, “आधी वाचायचे, मग मोजायचे, मग जोडायचे.” पहिल्या मेकॅनिकने थेट जोडण्यापासून सुरुवात केली होती, फरक तेवढाच होता.

भाईसाहेबांनी जेद्दात चार वर्षे राबून, पगारातून थोडे थोडे बाजूला ठेवून ती पेटी घेतली होती. जोडणी झाली त्या संध्याकाळी त्यांनी फेजचा स्विच दोनदा इकडून तिकडे करवला, मान हलवली आणि म्हणाले, “राहू दे. डग्गा आला.” भंगारवाला दुसऱ्या दिवशी दारात आला, त्याला पुतण्याने गळक्या फोमचे जुने स्पीकर दाखवले. तेही भाईसाहेबांनी दिले नाहीत. आता त्यांना नवीन फोम लावायचा आहे, आणि कारागीर तोच येणार आहे.